‘पगारा’चें क्रियापद

स्पॅनिश भाषा शिकूं लागतांच ‘पागार’ हें क्रियापद भेटतें. अर्थ, देणें चुकतें करणें. तेंच पोर्तुगीज भाषेंतही आहे, आणि आमचा ‘पगार’ तेथूनच आला. १७३७ सालीं मराठ्यांनीं पोर्तुगीजांकडून ठाणें घेतलें. सत्ता गेली, शब्द राहिला.

परंतु मराठींत येतांना क्रियापदाचें नाम झालें. स्पॅनिशमध्यें ‘पागो’ म्हणजे मी देतों, ‘पागास’ म्हणजे तूं देतोस, ‘पागामोस’ म्हणजे आम्ही देतों. प्रत्येक रूपांत देणारा उभा असतो. डोंबिवलींत आम्ही म्हणतों, ‘मोलकरणीचा पगार झाला’. जणूं पाऊसच झाला! देणारा वाक्यांतून निसटला, आणि त्याबरोबर ‘पुरेसें दिलें काय?’ हा प्रश्नही निसटला.

या धातूचें लॅटिन मूळ ‘पाकारे’, म्हणजे शांत करणें. घेणाऱ्याचें समाधान होईल तेंच खरें देणें, असा त्याचा भाव. महिनाभराच्या धुण्याभांड्यांचे रुपये मोजून दिले कीं आमचें मन शांत होतें; तिचें होतें काय? हें क्रियापद ज्यास चालवावयाचें असेल त्यानें प्रथमपुरुषापासून आरंभ करावा: आम्ही देतों, आणि उणें पडलें तर तें आम्हींच दिलेलें उणें होय.