ब्रेकवरचा हक्क

वडिलांची १९६४ सालची मोटार अजून आमच्या दारात उभी आहे. तिच्या पुढच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्कब्रेक बसवावेत, असे मी ठरविले, तेव्हा धाकटा भाऊ कळवळून म्हणाला, "दादा, मग ती अण्णांची गाडी उरेल का?"

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. खंडाळ्याचा घाट उतरताना अण्णा गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवीत, पुढच्या गाडीपासून दूर राहत. ड्रमच्या पोटात उष्णता कोंडते आणि तापलेला ब्रेक ऐन वेळी दगा देतो. डिस्क उघड्या वाऱ्यावर फिरते, लवकर निवते. १९५३ साली ल माँची शर्यत जॅग्वारने जिंकली, ती डिस्कब्रेक लावूनच. धावण्याच्या शर्यतीतही थांबता येणाऱ्याचीच सरशी होते!

जुनेपण जपावे, पण ते आपल्या मालकीच्या वस्तूंपुरते. गाडीचा रंग, तिची गादी, तिचा भोंगा आपला. ब्रेक मात्र आपल्या एकट्याचा नव्हे. रस्ता ओलांडणाऱ्या अनोळखी पोराचाही त्यावर तितकाच हक्क आहे. आपल्या आठवणींची किंमत त्याने का मोजावी?

मूळचे ड्रम मी तेल लावून, फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवले आहेत. अण्णांची सावधगिरी मात्र माळ्यावर टाकून चालणार नाही. नवे ब्रेक आहेत म्हणून घाटात बेफाम सुटलो, तर त्या दिवशी ती गाडी खरोखरच अण्णांची उरणार नाही.