उडी रंगवावी कशी?

पार्कूरवरची, म्हणजे शहरातले अडथळे धावत, चढत, उड्या मारत ओलांडण्याच्या कसरतीवरची, भित्तिचित्रं कुठल्याही शहरात पाहा, बहुतेकांत एकच क्षण असतो. दोन गच्च्यांच्या मधोमध हात पसरलेला, गुडघे पोटाशी घेतलेला तरुण. मागे इमारतींची काळी रांग आणि त्याच्या अंगावरून निथळणारे रंगाचे ओघळ. चित्र देखणं असतं. माझी तक्रार एवढीच की त्यात हालचाल नसते. उडीच्या सर्वांत उंच बिंदूवर शरीराचा वर जाण्याचा वेग संपलेला असतो आणि खाली येण्याचा अजून सुरू व्हायचा असतो. शरीर जिथे सर्वांत जास्त थबकतं, नेमकी तीच जागा चित्रकार निवडतो. खरी गंमत त्यानंतर सुरू होते. तीन मीटरवरून खाली यायला पाऊण सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो आणि पाय टेकताना वेग ताशी 27-28 किलोमीटर झालेला असतो. चवड्यांवर उतरायचं, गुडघ्यांत धक्का जिरवायचा, खांद्यावरून तिरकं लोळून उरलेला वेग पुढच्या धावेला द्यायचा, हे सगळं निमिषभरात. त्यामागे महिनोन्महिने कठड्याच्या लोखंडी नळीवर उडी टाकून न डगमगता थांबण्याचा कंटाळवाणा सराव. हा कंटाळा कुणी रंगवत नाही.

पार्कूर वाढलं ते पॅरिसच्या दक्षिणेकडच्या एव्री आणि लिस या उपनगरांत, काँक्रीटच्या वसाहतींमध्ये. डेव्हिड बेल आणि त्याच्या सोबत्यांनी 1997 च्या सुमारास ‘यामाकासी’ नावाचा गट बांधला. पण डेव्हिडच्या मागे त्याचे वडील रेमंड होते. व्हिएतनाममध्ये जन्मलेले, पुढे पॅरिसच्या अग्निशमन दलात गेलेले. 1969 मध्ये नोत्रदामच्या शिखरावर कुणीतरी व्हिएतकाँगचा झेंडा लावला, तेव्हा तो काढायला हेलिकॉप्टरमधून त्यांनाच खाली सोडलं होतं. आणि रेमंडच्या मागे जॉर्ज एबेर हा नौदल अधिकारी. 1902 मध्ये मार्टिनिक बेटावर ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा लोकांना वाचवण्याच्या कामात तो होता. संकटात उपयोगी पडेल असं शरीर घडवायचं तर धावणं, चढणं, उडी मारणं, ओझं वाहणं या मूळ हालचालींकडेच जायला हवं, हे त्याच्या पद्धतीचं सूत्र. फ्रेंच लष्करातली अडथळ्यांची शर्यत याच परंपरेतली.

आता चित्रांकडे येऊ, कारण हालचालीच्या चित्राची वाटही याच अंगणातून जाते. 1870-71 च्या युद्धात प्रशियाकडून झालेल्या पराभवानंतर फ्रान्सला आपल्या सैनिकांच्या शरीराची काळजी लागली होती. एत्येन-ज्यूल मारे हा शरीरशास्त्रज्ञ 1882 पासून पॅरिसच्या कडेला सरकारी पैशाने माणसाच्या चालीचा अभ्यास करत होता. कॅमेऱ्यातल्या एकाच काचेवर तो एका हालचालीचे अनेक क्षण टिपायचा. आकृत्या एकमेकींत मिसळायला लागल्या तेव्हा त्याने माणसाला काळा पोशाख घातला आणि हातापायांवरून पांढऱ्या पट्ट्या ओढल्या. काळ्या पार्श्वभूमीपुढे माणूस गायब झाला, उरल्या फक्त झुकणाऱ्या, दुमडणाऱ्या, पुन्हा ताठ होणाऱ्या रेषा. त्याच्या कॅमेऱ्यासमोर लष्करी व्यायामशाळेतले कसरतपटू उड्या मारायचे, आणि मारेच्या काचेवर उडीइतकंच उतरणंही असायचं. 1912 मध्ये द्युशाँ या चित्रकाराने जिना उतरणारी आकृती रंगवली आणि बाल्ला या चित्रकाराने साखळीने बांधलेला धावता कुत्रा; दोघांच्या मागे ही काच आहे. आजच्या भिंतीवरचा तरंगता तरुण त्यापुढे मला जरा मागासलेला वाटतो.

हालचाल रंगवण्याचा हा प्रश्न कीथ हॅरिंग या अमेरिकन चित्रकाराला वेगळ्या रीतीने सुटला होता. 1989 मध्ये त्याने पिसामध्ये एका चर्चच्या मागच्या भिंतीवर ‘तुत्तोमोंदो’ रंगवलं. तीस आकृत्या, बहुतेकांना ना चेहरा, ना स्नायू. कॉमिक्समधल्यासारख्या हालचालीच्या छोट्या रेघा, आणि आकृत्या अशा एकमेकींत अडकवलेल्या की नजर कुठेच थांबत नाही. नजर पळते, म्हणून चित्र पळतं.

त्याहून पुढे गेला तो ब्लू हा इटालियन चित्रकार. ब्युनॉस आयर्समधल्या भिंतींवर मुख्यतः केलेली त्याची ‘मुतो’ ही चित्रफीत 2008 मध्ये आली. आकृती रंगवायची, फोटो घ्यायचा, तिच्यावर पांढरा रंग फासायचा, शेजारी पुढची अवस्था रंगवायची. असं शेकडो वेळा. पडद्यावर आकृत्या कोपऱ्यावरून वळतात, फटीत शिरतात, आणि मागे पुसल्याचे पांढरे डाग राहतात. ज्ञानदेवांनी भिंत चालवली तेव्हा वर बसलेली भावंडं स्थिर होती. इथे भिंत जागच्या जागी आणि वरची माणसं चालू पडलेली. ते डाग मला फार मोलाचे वाटतात. गेलेली हालचाल कुठून गेली, हे त्यांच्यामुळे कळतं.

आणि हे पाहताना आपल्या डहाणू-तलासरीकडच्या कुडाच्या भिंती आठवल्याशिवाय राहत नाहीत. मारेला जे काचेवर करावं लागलं त्याच्या फार जवळचं काही वारल्यांनी रंगवलेल्या तारपा नाचात आहे. टोकाशी टोक जुळवलेल्या दोन त्रिकोणांचं धड. सगळा तोल त्या एका बिंदूवर, म्हणून आकृती कायम पडायच्या बेतात आणि म्हणूनच नाचती. मधे तारपा हे वाद्य वाजवणारा, भोवती उलगडत जाणारी माळ. त्यात वर-खाली नाही. काही नाचणारे चक्क उलटे दिसतात. मारे एका माणसाचे अनेक क्षण दाखवतो, तर इथे अनेक माणसांतून एकच पाऊल पुढे सरकतं. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशेंनी ही रेषा कागदावर आणली आणि ती जगभर फिरली. 

रंगवलेल्या हालचालीच्या उलट टोकाचं, खऱ्या हालचालीसाठी घडवलेल्या कलाकृतीचं उदाहरण पुन्हा लिसच्या परिसरातच आहे. तिथल्या तळ्याकाठी पिएर सेकेली या हंगेरीत जन्मलेल्या शिल्पकाराने 1975 मध्ये ‘दाम द्यू लाक’ उभारलं. काँक्रीटचं हे उंच शिल्प लोकांनी चढावं म्हणूनच घडवलेलं. डेव्हिड बेल आणि त्याचे सोबती त्यावर चढले, सरावले, आणि जगभरच्या पार्कूरवाल्यांसाठी ती पंढरी झाली. पुढे सुरक्षेच्या कारणाने चढायला मनाई झाली, कुंपण आलं. चढण्यासाठीच केलेली कलाकृती नुसती बघायची झाली.

रंगवलेल्या भिंतीवर तर कुंपणही लागत नाही. पार्कूरवाला भिंतीकडे जातो तो आधी तळव्याने तिचा पोत तपासतो: खरखरीत आहे का, भुकटी सुटते का, ओल आहे का. त्याचा सगळा भरवसा बुटाचा रबर आणि सिमेंट यांच्या घर्षणावर. तैलरंगाचा गुळगुळीत थर, वर चित्र टिकावं म्हणून दिलेला चकचकीत लेप, आणि त्यावर पावसाचे चार थेंब. एवढं झालं की त्या भिंतीवर पाय ठरत नाही. म्हणजे उडीच्या सन्मानार्थ काढलेलं चित्र उडीचीच जागा हिरावून घेऊ शकतं. चित्रकाराने रंग निवडण्याआधी तिथे रोज येणाऱ्या पोरांना विचारलं, खालचा दोन-अडीच मीटरचा पट्टा कोरा सोडला, तर हे टळतं. त्या पट्ट्यावर बुटांचे काळे ओरखडे उमटतील, काही वर्षांत दाटही होतील. ते पुसायचे नाहीत, एवढी अट नगरपालिकेने निविदेत घालायला हरकत नसावी.