उष्णता कोणी सोसावी ?

आखातात नोकरीस गेलेली आपली माळकरी मुले सुटीवर आली म्हणजे कीर्तनानंतर एक शंका हटकून विचारतात. "बुवा, आम्ही दुबईत इमारतींच्या देखभालीचे इंजिनिअर. आषाढीला रजा मिळत नाही. सावता महाराजांना मळ्यातच विठ्ठल भेटला. तशी आमची नोकरी हीच वारी, असे म्हणावे काय?"

वारी चुकल्याचे पांडुरंग पाहून घेईल. आम्हांस त्यातला 'तशी' हा शब्द खटकतो. सावता महाराज अरणच्या मळ्यात स्वतः राबले. ऊन त्यांच्याच पाठीवर होते.

दुबईत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. त्यात समुद्र जवळ, हवा दमट. घाम सुकत नाही, म्हणून अंग निवत नाही. अशा गावी गारव्याचे यंत्र ही चैन नव्हे, हे आम्हीही मानतो. पण यंत्र गारवा उत्पन्न करीत नसते, बरं का ! खोलीतली उष्णता उचलून ते बाहेर टाकते, एवढेच. गच्चीवर जेथे ती बाहेर पडते, तेथे दुरुस्तीला उभा राहणारा कामगार सूर्याचा ताप सोसतो आणि खालच्या बिऱ्हाडांचाही सोसतो. त्याला वर धाडण्याचा हुकूम मात्र थंड खोलीत लिहिला जातो.

तेथील सरकारचा नियम चांगला आहे. १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन, उघड्या उन्हात काम बंद. आषाढी नेमकी याच दिवसांत येते. पाणी किंवा वीज तुटली, अशा तातडीच्या कामांना सूट आहे, आणि ती असावीच. इस्पितळाची वीज गेली तर तीन वाजण्याची वाट कोण पाहील? व्याकरणात उत्सर्गापेक्षा अपवाद बलवान, असे आम्ही पाठशाळेत घोकले. व्यवहारात मात्र त्या अपवादाच्या दारातून लोभ आणि भीड दोघेही आत शिरतात. दुकानाचा धनी एक वाजता फोनवर ओरडतो, की लागलीच नोंदीत 'तातडीचे' हा शब्द चढतो. तो लिहितो कोण ? आपला माळकरी !

नाथमहाराजांनी तहानलेल्या गाढवाला गंगेची कावड पाजली, ही कथा आपण सारे डोलत ऐकतो. ती कावड त्यांच्या स्वतःच्या खांद्यावरची होती. दुसऱ्याच्या खांद्यावरची रिती करून पुण्य आपल्या पदरी घेतले, असे तेथे घडलेले नाही.

"नोकरी जाईल, बुवा," असे मुले म्हणतात. हे आम्ही हसण्यावारी नेत नाही. घरी कर्ज असते, म्हातारी आईबापे असतात, आणि नोकरीबरोबर त्या देशातला मुक्कामही हलतो. म्हणून भांडण करा असे आमचे सांगणे नाही. कोणते काम अडीच तास थांबू शकते, हे उन्हाळा लागण्यापूर्वीच धन्याकडून लिहून घ्यावे. जून उजाडण्याच्या आत यंत्रांची साफसफाई उरकावी, म्हणजे भर दुपारी ती बंद पडण्याचे प्रसंग कमी येतील. आणि खरीच तातडी आली तर सावलीचे कापड, थंड पाणी घेऊन आपणही गच्चीवर जावे, काम संपेपर्यंत त्याच्यापाशी उभे राहावे. मग सावता महाराजांचे नाव खुशाल घ्या. आमची हरकत नाही.