परमुलखातील ‘बैसा’

परमुलखात जाणारा माणूस शिदोरी, कपडे आणि वाटखर्च बरोबर घेतो, त्याचप्रमाणे नकळत आणखी एक वस्तू घेतो. ती म्हणजे मालकीची भावना. कुंभकोणमला जाताना माझ्याही गाठोड्यात ती होती. मराठ्यांच्या एकोजीराजांच्या वंशाने कुंभकोणमसह तंजावरावर राज्य केले, 1855 साली इंग्रजांनी ते खालसा करीपर्यंत तेथले दफ्तर मोडीतही लिहिले जात होते, आणि त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी करणारे सर टी. माधवराव 1828 साली याच कुंभकोणमात एका मराठी घराण्यात जन्मले, एवढे पाठ असलेल्या मला या गावी आपण परके आहोत असे वाटण्याचे कारणच उरले नव्हते. मी गाव पाहायला नव्हे, जणू वडिलोपार्जित मिळकतीची पाहणी करायला निघालो होतो.

सकाळी महामहम तलावावर गेलो. गुरू सिंह राशीत आला की नाशिकला जसा सिंहस्थ भरतो, तसाच येथे बारा वर्षांतून एकदा, मासी या तमिळ महिन्यात मघा नक्षत्रावर, स्नानाचा सोहळा होतो. मागचा 2016 साली झाला, पुढचा 2028 साली व्हायचा आहे. एरवी पाणी शांत असते. काठावरच्या सोळा दगडी मंडपांपैकी एकाच्या सावलीत एक म्हातारी मोगऱ्याच्या कळ्या गुंफीत बसली होती. सुई नाही, केवळ बोटांच्या चिमटीत पडणारी दोऱ्याची गाठ. हे मंडप उभारले गोविंद दीक्षितांनी. ते कानडी, ज्या नायक राजांचे ते प्रधान त्यांची भाषा तेलुगू, आणि गाव तमिळ! इतक्या परक्यांनी मिळून ज्या सावल्या बांधल्या, त्यांत उभा असूनही मी मात्र मराठी अक्षरे शोधीत होतो.

सारंगपाणी मंदिराच्या गोपुरासमोरील रस्त्यावर श्रीनिवास रामानुजन यांचे लहानसे घर आहे. खिडकीशी एक खाट, आणि दर्शनी बाजूस तिण्णै, म्हणजे आपला ओटा. जुन्या तमिळ घराचा हा ओटा केवळ घरच्यांचा नसे. वाटसरूने त्यावर टेकावे, उन्हे उतरेपर्यंत विसावा घ्यावा, अशी रीत होती. अशा घरात वाढलेला हा तरुण 1914 साली केंब्रिजला गेला, महायुद्धाच्या टंचाईच्या दिवसांत स्वहस्ते शाकाहारी अन्न शिजवून राहिला, 1918 साली रॉयल सोसायटीचा आणि ट्रिनिटी कॉलेजचा फेलो झाला, आणि खंगलेल्या देहाने परतून 1920 साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेला. परक्याचा सन्मान करणे आणि परक्याला टेकायला जागा देणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे त्या खाटेकडे पाहताना मनात आले.

दुपारी एका गल्लीत, घरी फोन करून मराठीत बोलत असता, समोरच्या तिण्णैवरील एका वृद्ध गृहस्थांनी मान वर केली, हाताने शेजारची जागा झाडली आणि ते म्हणाले, ‘‘बैसा.’’ पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेले ते तंजावरी मराठी. बाहेर तमिळ, घरात मराठी. तमिळच्या हेलातली ती बोली ऐकताच मी त्यांना सांगून बसलो, ‘‘आम्ही ‘बसा’ म्हणतो.’’ ते रागावले नाहीत. आत जाऊन पितळी पेल्यातून फेसाळ डिग्री कॉफी घेऊन आले, पेला माझ्या हाती दिला आणि म्हणाले, ‘‘ते खरे, पण आधी बैसा.’’

ती कॉफी पिताना मला लाज वाटली. ज्या शब्दाची मी दुरुस्ती केली, तो आपल्या संतांच्या वाङ्मयातला होता. आम्ही तो टाकला आणि ज्यांना आम्ही दूर गेलेले समजलो त्यांनी तो सांभाळला. मी ज्या राज्याच्या नावाने या गावावर हक्क सांगत आलो होतो, ते केव्हाच लयाला गेले. पण इथल्या मराठी माणसांचा मुक्काम टिकला, तो शेजारच्याची भाषा आपलीशी करून आणि आपल्या ओट्यावर इतरांना जागा देऊन. सनद राजाची असते आणि राजाबरोबर जाते. ओट्यावरची जागा द्यायला मात्र कोणत्याही दरबाराची परवानगी लागत नाही.

परतीच्या गाडीत मला पुण्याची आठवण झाली. आफ्रिकेतील किती तरी देशांतून तरुण मुले तेथे शिकायला येतात, आणि आपण त्यांच्या वर्णाकडे पाहून खोली देण्याआधीच दार लोटून घेतो. सुटीच्या दिवशी तीही माझ्यासारखीच गाव पाहायला निघत असतील. शनिवारवाड्याच्या तटाखाली उभी राहून, या शहरात आपल्याला कोणी ओळखते का, असे मनाशी विचारीत असतील. आपल्या इमारतींना आता ओटे उरले नाहीत, हे खरे. तरी त्यांच्यापैकी एखाद्याला हाताने जागा झाडून ‘बैसा’ म्हणणे आपल्याला अजूनही शक्य आहे. निदान मला, त्या पेल्याचे ऋण शिरावर असेपर्यंत, तसे न म्हणण्याची मुभा नाही.