निरोग्याच्या देहात रोग शोधावा काय?

दुखणे अंगावर आल्यावाचून वैद्याकडे जाऊ नये, ही आपल्या समाजाची जुनी रीत आहे. आर्ताने हाक मारावी आणि वैद्याने धावून यावे, एवढाच त्या दोघांमधील संबंध मानला जाई. आता हा क्रम उलटू पाहत आहे. ज्यास काहीच होत नाही अशा मनुष्याच्या देहातही वैद्यकशास्त्र आपण होऊन रोग शोधू लागले आहे. हा अधिकार त्यास आहे काय, आणि असल्यास त्याबरोबर कोणते कर्तव्य येते, ह्याचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

उदाहरण फुप्फुसाच्या कर्करोगाचे घेऊ. हा रोग आरंभी मुका असतो. तो बोलू लागतो तेव्हा शस्त्रक्रियेची वेळ बहुधा टळलेली असते. अल्प किरणमात्रेच्या सीटी स्कॅनने तो काही मिलिमीटरांचा असतानाच दिसू शकतो. अमेरिकेत दीर्घकाळ धूम्रपान केलेल्या ५५ ते ७४ वयाच्या ५३,४५४ स्त्रीपुरुषांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. साध्या क्ष-किरण तपासणीच्या मानाने सीटीमुळे ह्या रोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. परंतु त्याच प्रयोगात सीटीने जे संशय दाखविले, त्यांपैकी शंभरांत शहाण्णवांहून अधिक अखेर खोटे ठरले.

आता हेच यंत्र कुर्ल्यास आणून पाहू. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश आपल्या देशात आहेत, आणि कुर्ल्यासारख्या दाटीच्या वस्तीत, जेथे एका खोलीत सारे कुटुंब निजते, तेथे क्षयास पसरण्यास सोयच असते. बरा झालेला क्षय फुप्फुसात व्रण ठेवून जातो, आणि तो व्रण चित्रात कर्करोगाच्या गाठीसारखा दिसू शकतो. उलटपक्षी, खरा कर्करोग क्षय समजून महिनोन्‌महिने क्षयाचीच औषधे दिली गेल्याची उदाहरणे आपल्याकडे विरळ नाहीत. म्हणजे येथे छाया दोन्ही बाजूंनी फसविते.

ह्यावर कोणी म्हणेल, मग पाहूच नये; अज्ञानात सुख आहे. हे आम्हांस मान्य नाही. श्रीमंताने वेळीच तपासून घ्यावे व हमालाने रक्त पडेपर्यंत वाट पाहावी, ह्या व्यवस्थेस सुख म्हणणे ही क्रूर थट्टा होय.

तथापि केवळ पाहणे म्हणजे उपकार नव्हे. 'छातीत एक ठिपका आहे, तीन महिन्यांनी पुन्हा या,' असे भंगाराच्या गोदामात राबणाऱ्या मनुष्यास सांगितले, की त्या दिवसापासून तो निरोगी राहत नाही. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून उभे आहे आणि कुर्ल्याहून ते लोकलने चौथे स्थानक. परंतु रोजंदारीवाल्यास हे अंतर मैलांनी मोजता येत नाही, बुडालेल्या रोजाने मोजावे लागते. पुन्हा स्कॅन, प्रसंगी छातीत सुई, तीतून फुप्फुसातील हवा निसटण्याचा धोका, आणि मध्यंतरीची घरची धास्ती: हे सारे त्याने एकट्याने सोसावयाचे काय?

आमच्या मते, ज्याने न मागता पाहिले तो ऋणी झाला. बोलावणे रोग्याचे नव्हते, आपले होते. म्हणून संशय खोटा ठरण्याचा संभव किती, हे यंत्राखाली निजविण्यापूर्वीच त्याच्या भाषेत सांगावे. पुढील तपासण्यांची व उपचारांची जागा आधी राखून ठेवावी. आणि सर्वांत प्रथम बिडी सोडविण्यास त्यास साहाय्य करावे, कारण त्यास कोणतेच यंत्र लागत नाही. एवढी तयारी नसताना फलक लावून भरविलेले तपासणी-शिबिर म्हणजे भीतीचे फुकट वाटप होय. अशा उपक्रमाचे मोल किती छाती तपासल्या ह्यावरून ठरवू नये. ज्यांच्या छातीत छाया दिसली, त्यांपैकी किती जणांस शेवटपर्यंत सोबत मिळाली, हे विचारावे.