वाट पाहणाऱ्या मातांसाठी एक गीत



संत लूकच्या शुभवर्तमानात (1:39-56) दोन गर्भवती स्त्रियांची भेट आपण वाचतो. पवित्र मरिया डोंगराळ मुलुखातून वाट काढीत एलिझाबेथच्या घरी येते. तिचा आवाज कानी पडताच एलिझाबेथच्या उदरातील बालक आनंदाने उसळी घेते आणि मरियेच्या मुखातून स्तुतिगीत बाहेर पडते.

आपल्या भगिनींनाही तपासणीसाठी अजिंठ्याचा घाट चढून सिल्लोड, कधी छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. शेवटच्या महिन्यांत डॉक्टर पोटाला पट्टे बांधून बाळाचे ठोके कागदावर उतरवतात. यालाच एनएसटी म्हणतात. वीस ते चाळीस मिनिटे पडून राहायचे. तपासणी दुखत नाही, पण यंत्राचा आवाज ऐकून आई घाबरते : 'ठोके एवढे जोरात का?' बाळाचे ठोके मिनिटाला 110 ते 160 असणे स्वाभाविक आहे, एवढे कुणी सांगितले तरी निम्मी भीती जाते.

उरलेल्या भीतीवर गाणे उपयोगी पडते. तैवानमध्ये 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 236 गर्भवती स्त्रिया होत्या. ज्यांनी दोन आठवडे रोज अर्धा तास शांत संगीत ऐकले, त्यांची चिंता व ताण कमी झालेला आढळला. आपल्या आज्यांना हे ठाऊकच होते. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बायकांनी आपली सुखदुःखे त्यांत गाऊन मोकळी केली आहेत.

मात्र संगीताने बाळ हुशार निपजते, असे सिद्ध झालेले नाही. आणि गाणे हे औषधही नव्हे. बाळाची हालचाल कमी वाटली, तर गाणे लावून बसू नका. ताबडतोब दवाखाना गाठा.

काही जण म्हणतात, 'श्रद्धा असेल तर भीती कशाला?' असे बोलून आपण त्या माउलीवर दुसरे ओझे लादतो. शेवटच्या भोजनानंतर प्रभू येशू शिष्यांसह स्तोत्र गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे निघाला (मार्क 14:26) आणि तेथे गेथशेमनी बागेत व्याकुळ झाला. गीताने क्रूस टळला नाही. पण त्या वाटेवर पित्याची सोबत होती. भीती आणि विश्वास एकाच हृदयात राहू शकतात.

म्हणून आपण काय करावे? प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी होते. त्या दिवशी सुनेला एकटी पाठवू नका. नवऱ्याने मजुरी बुडाली तरी सोबत जावे. सिस्टरांना विचारून मोबाईलवर हळू आवाजात तिच्या आवडीचे भक्तिगीत लावावे. मोबाईल नसेल तर सासूबाईंनी हात धरून दोन ओव्या गुणगुणाव्यात. मरिया तीन महिने एलिझाबेथजवळ राहिली. आपल्याला अर्धा तास जड नसावा.

पवित्र मरिया आपल्या सर्व गर्भवती भगिनींना सांभाळो.

ख्रिस्तामध्ये आपले,
धर्मगुरू