खांदेपालट

पालखीच्या मिरवणुकीत एक गोष्ट आपण सर्वांनीच पाहिली असेल. परंतु तिच्याकडे मुद्दाम लक्ष फारच थोड्यांचे गेले असेल. वाहणारा थकला म्हणून पालखी कधी खाली टेकविली जात नाही. दुसरा पुढे येतो, दांडीखाली आपला खांदा लावतो, भार त्याने पेलला आहे अशी खात्री होते, आणि मगच पहिला हलकेच बाजूस सरतो. खांदेपालट केव्हा झाला हे बघ्यांच्या ध्यानीही येत नाही. हाच शब्द आपण राजकारणातही वापरतो. मात्र त्यामागील रीत आपण तेथे नेली आहे की नाही, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

आपल्या शहरापुरता हा प्रश्न अगदी ताजा आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत अधिकारावर आलेल्या बृहन् हैदराबाद महानगरपालिकेच्या मंडळाची पाच वर्षांची मुदत २०२६ च्या फेब्रुवारीत संपली आणि महापौर श्रीमती गद्वाल विजयालक्ष्मी पायउतार झाल्या. अशा वेळी चौकाचौकात एकच पृच्छा ऐकू येते : "आता पुढे कोण?" कोणत्या पक्षाचा मनुष्य यावा हे सांगणे या लेखाचे काम नव्हे. परंतु जो पद सोडतो त्याचे कर्तव्य काय, आणि ज्यांच्यासाठी ते पद आहे त्यांचे कर्तव्य काय, हा धर्माधर्माचा प्रश्न आहे व त्याचा विचार आपल्यासारख्या कुटुंबवत्सल माणसांनीही करावयास हवा.

या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास प्रथम भरताची आठवण होते. भरताने सिंहासन नाकारले, एवढेच आपण मुलांना सांगतो. पण त्याची खरी थोरवी पुढेच आहे. त्याने सिंहासन नाकारले तरी राज्य वाऱ्यावर सोडले नाही. पादुका आसनावर ठेवून नंदिग्रामातून १४ वर्षे त्याने कारभार पाहिला. आणि श्रीराम परतताच कोश, कोठारे व सैन्य दसपट वाढवून त्यांच्या स्वाधीन केले, असे वाल्मीकींनी वर्णिले आहे. म्हणजे पदाचा लोभ नसणे हा एक गुण, आणि पद रिकामे पडू न देणे हा दुसरा. भरताच्या ठायी हे दोन्ही एकत्र होते. आपल्या सार्वजनिक जीवनात मात्र ते एकत्र क्वचितच आढळतात. कोठे माणूस खुर्ची सोडीत नाही, तर कोठे खुर्चीवर माणूसच नसतो.

हैदराबादचे दुःख बहुतांशी या दुसऱ्या प्रकारचे आहे. १९५१ मध्ये माडपाटी हनुमंतराव हे या शहराचे पहिले महापौर झाले. त्यानंतरच्या काळात महापौर बहुधा वर्षावर्षाने बदलत. १९६० मध्ये सिकंदराबादची पालिकाही हैदराबादेत विलीन झाली. परंतु १९७० नंतर १९८६ पर्यंत शहरास निर्वाचित मंडळच नव्हते; सरकारने नेमलेले विशेष अधिकारी कारभार पाहत. १९९१ ते २००२ पर्यंत पुन्हा तेच. २००२ मध्ये नागरिकांनी थेट मतदानाने महापौर निवडला. २००७ मध्ये आसपासच्या १२ नगरपालिका सामील करून बृहन् महानगरपालिका स्थापन झाली, पण तिची पहिली निवडणूक २००९ च्या अखेरीस झाली. २०१४ च्या डिसेंबरात मुदत संपलेल्या मंडळाच्या जागी नवे मंडळ यावयास २०१६ चा फेब्रुवारी उजाडला. हिशेब मांडला तर १९५१ पासूनच्या ७५ वर्षांपैकी सुमारे ३० वर्षे महापौराची खुर्ची रिकामी होती. हे केवळ आपल्याच दैवी आले असे नव्हे. ज्या मुंबईत आपल्यापैकी अनेकांची माहेरे व आजोळे आहेत, तेथेही २०२२ च्या मार्चपासून जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचाच अंमल होता.

यावर कोणी म्हणेल, "बिघडले कोठे? अधिकाऱ्यांच्या काळात रस्ते झाडले गेले, नळांना पाणी आले. कित्येकदा कामे अधिक नेटकी झाली." या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. शिवाय आपल्या कायद्यात खरा कार्यकारी अधिकार आयुक्ताकडेच असतो व आयुक्त राज्य सरकार नेमते. तथापि भेद कामाच्या गुणवत्तेत नसून उत्तरदायित्वात आहे. अधिकारी आपल्या वरिष्ठांस उत्तर देतो. निर्वाचित माणसास आपल्या गल्लीत परत यावे लागते. नाल्याचे पाणी घरात शिरलेली वृद्धा ज्याच्या दारी जाऊन त्याला चार शब्द सुनावू शकते, असा मनुष्य शहरात असणे हीच स्थानिक स्वराज्याची खूण आहे. २०२० च्या ऑक्टोबरात वसाहतीच्या वसाहती जलमय झाल्या, तेव्हा अशा माणसाची गरज आपणांस पुरेपूर कळली.

आता दुसरी बाजू. दीर्घकाळ न हलणारा महापौर पाहावयाचा तर आपल्याकडे दाखला सापडणे कठीण; त्यासाठी अमेरिकेतील शिकागो शहराकडे वळावे लागते. तेथील महापौर खरोखरीचा सत्ताधीश असतो. रिचर्ड डेली हे १९५५ पासून त्या पदावर होते, ते १९७६ च्या डिसेंबरात मृत्यूनेच त्यांना हलविले तेव्हा. त्यानंतरच्या अवघ्या १२-१३ वर्षांत त्या खुर्चीवर एकामागून एक अनेक जण येऊन गेले. वटवृक्षाखाली दुसरे रोप वाढत नाही, हे आपल्याकडचे अनुभवाचे बोल तेथेही खरे ठरले. १९८९ मध्ये त्यांचेच चिरंजीव निवडून आले आणि त्यांनी पित्याहूनही अधिक, २२ वर्षे कारभार केला. परंतु त्यांनी एक गोष्ट पित्याहून निराळी केली. २०१० च्या सप्टेंबरात, पुढील निवडणुकीला अवकाश असतानाच, आपण उभे राहणार नाही असे त्यांनी जाहीर केले. नगरजनांना विचार करण्यास काही महिने मिळाले. २०११ च्या फेब्रुवारीत निवडणूक झाली आणि मे महिन्यात राम इमॅन्युएल यांनी सूत्रे हाती घेतली. पालखी जमिनीला टेकली नाही.

तथापि ही गोष्ट एवढ्यावर संपत नाही. याच धाकट्या डेलींच्या कारकीर्दीत, २००८ मध्ये, शहरातील रस्त्यांवर वाहने उभी करण्याच्या शुल्काचे उत्पन्न एका खाजगी मंडळीस तब्बल ७५ वर्षांच्या कराराने देण्यात आले. त्याबदली सुमारे ११५ कोटी डॉलर एकरकमी मिळाले, आणि त्यांतील बराच पैसा थोड्याच वर्षांत खर्ची पडला. स्वतः तीन वर्षांत पायउतार झालेल्या माणसाने अजून न जन्मलेल्या नगरवासीयांचे हात बांधून ठेवले. यावरून ध्यानात येते की, पद वेळेवर सोडणे म्हणजे सर्वस्वी सोडणे नव्हे. आपण गेल्यावरही आपली मूठ खुर्चीवर आवळलेली राहू शकते. भरताने कोठार भरून परत केले. पुढच्या पिढीचे धान्य आजच विकून खाणारा मनुष्य दिसावयास कितीही कर्तबगार असो, त्याला विश्वस्त म्हणता येणार नाही.

दीर्घकाळ पदावर राहणारी माणसे सर्वच लोभी असतात असे मात्र समजू नये. पुष्कळांची कारणे मनःपूर्वक असतात. पहिले कारण असे की, "हाती घेतलेले काम अर्धवट आहे, ते पुरे करून जातो." या कारणास आपल्या मुसी नदीनेच उत्तर देऊन ठेवले आहे. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुराने अर्धे शहर उद्ध्वस्त केले. पुढच्या वर्षी मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांस पाचारण करण्यात आले. त्यांनी वरच्या अंगास जलाशय बांधण्याची योजना आखून दिली आणि त्याच वर्षी ते म्हैसूरच्या सेवेत रुजू झाले. ज्यांच्या राजवटीत योजना झाली ते निजाम महबूब अली खान १९११ मध्ये निवर्तले. उस्मानसागर १९२० मध्ये पुरा झाला, हिमायतसागर १९२७ मध्ये. आखणारा एक, आज्ञा देणारा दुसरा, बांधणारे तिसरेच. तरीही काम पुरे झाले. शहराची कामे माणसाच्या कारकीर्दीहून नेहमीच लांब असतात. म्हणून ती पुरी होईपर्यंत थांबू म्हणणारा कधीच जाणार नाही, आणि जो जाणारच आहे त्याने दुसऱ्यास उमगेल असा आराखडा मागे ठेवला पाहिजे.

दुसरे कारण अधिक अवघड आहे. "माझ्यामागे लायक मनुष्यच नाही," असे सांगितले जाते. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील एक छोटीशी संस्था आहे. तिचे चिटणीस २० वर्षांहून अधिक काळ निरपेक्षपणे झटले. पैशापैशाचा हिशेब चोख. उत्सवाची तयारी त्यांना तोंडपाठ. कोणी मदतीस पुढे आला की ते प्रेमाने म्हणत, "राहू द्या हो, मी बघतो." एके दिवशी ते अकस्मात आजारी पडले, तेव्हा कपाटाच्या किल्ल्या कोणत्या, देणे कोणाचे, ठेवीची मुदत केव्हा, यांतील एकही गोष्ट दुसऱ्या कोणास ठाऊक नव्हती. रुग्णशय्येवरील त्या सज्जनास रोज प्रश्न विचारून त्रास द्यावा लागला. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल कोणाच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्यांची चूक एवढीच की, दांडीखाली दुसरा खांदा त्यांनी कधी लागूच दिला नाही. लायक मनुष्य नाही अशी तक्रार दीर्घकाळ पदावर राहिलेला जेव्हा करतो, तेव्हा ती नकळत त्याची स्वतःविषयीचीच कबुली असते.

मग उत्तराधिकारी त्यानेच नेमून द्यावा काय? तेही नव्हे. धृतराष्ट्राने पुत्रमोहाने जे केले ते आपणांस ज्ञात आहे. आणि लोकांच्या पदास घराण्याची गादी समजणे हा तोच मोह नव्या वेषात होय. जाणाऱ्याने अनेकांस शिकवावे, निवड मात्र ज्यांचा अधिकार त्यांच्यावर सोपवावी. शिवाय पद सोडल्यावर त्याच्या छायेत रेंगाळू नये. भीष्मांनी सिंहासनाचा त्याग केला, पण दरबार सोडला नाही. जो कोणी गादीवर बसेल त्याच्याशी ते बांधले गेले, आणि द्यूतसभेत बोलण्याची वेळ आली तेव्हा त्यांची वाणी धर्म सूक्ष्म आहे एवढे म्हणूनच थांबली. एवढ्या थोर त्यागाची ही परिणती मनास चटका लावते.

पदावाचूनही सेवा होऊ शकते, याचे उदाहरण मात्र आपल्याच शहरात आहे. १९६२ मध्ये राणी कुमुदिनीदेवी हैदराबादच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. त्यापूर्वीच, १९५८ मध्ये, त्यांनी कुकटपल्ली येथे कुष्ठरोग्यांसाठी शिवानंद पुनर्वसनगृह सुरू केले होते. महापौरपद आले आणि गेले. कुष्ठरोग्यांची सेवा मात्र त्यांनी सोडली नाही. २००९ मध्ये त्या निवर्तल्या. त्या कितवे वर्ष महापौर होत्या हे आज थोड्यांनाच आठवत असेल. परंतु ती संस्था आजही त्यांचे नाव सांगते. ज्याला पदाबाहेर आपले असे काही कार्य आहे, त्याला पद सोडणे जड जात नाही.

येथवर जाणाऱ्यांविषयी लिहिले. आता आपणांविषयी. २०२० च्या डिसेंबरात महापालिकेची निवडणूक झाली, तेव्हा निम्म्याहूनही कमी मतदारांनी मतदान केले. म्हणजे "पुढे कोण?" असे विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी, विचारले गेले तेव्हा, उत्तरच दिले नाही. सरकारने खुर्ची रिकामी ठेवली की आपण रागावतो. पण मतदानाच्या दिवशी घरी बसून आपण ती आपल्या हातांनी रिकामी करीत असतो. हैदराबादेत मराठी कुटुंबे थोडी, आपल्या मताने काय होणार, हा युक्तिवाद आपल्यात वरचेवर ऐकू येतो. आपल्या पूर्वजांनी असा विचार केला असता, तर परभाषिक राज्यात १९०७ मध्ये विवेकवर्धिनी शाळा निघाली नसती. ती काढणाऱ्यांपैकी आज कोणी हयात नाही, आणि शाळा चालू आहे. तेथे पिढ्यापिढ्यांचे खांदे वेळेवर लागले, हेच त्याचे कारण.

उमेदवार दारी येईल तेव्हा त्यास त्याच्या पक्षाबरोबरच आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. अर्धवट राहिलेल्या कामांचे तू काय करणार? आणि तू जाशील तेव्हा आमच्या हाती काय ठेवून जाशील? हेच प्रश्न आपण आपल्या घरी, आपल्या पेढीवर, आणि देवळाच्या कार्यकारी मंडळातही एकमेकांना न रागावता विचारू शकू, तर ते अधिक बरे. वर्षाच्या सभेत जुन्या सभासदाने एखाद्या तरुणास आपल्या शेजारी बसवून हिशेबाची वही दाखवावी, एवढ्यापासूनही आरंभ करता येईल. ज्याच्या हाती किल्ल्या असतील त्याने त्या कोठे असतात हे आणखी दोघांना सांगून ठेवावे.